चर्चमधील संगीतसंध्येला तिकीट लावावे का?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

वसईतील आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या कार्यक्षेत्रात, आम्ही काही स्वयंसेवक गेली चार वर्षे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चमध्ये संगीतसंध्या भरवतो. प्रवेश सर्वांना मोफत असतो. आमचा गायकवृंद, व्हायोलिन आणि कीबोर्ड शिकणारी गावातील मुले, कधी बाहेरचा एखादा गायकवृंद असे कार्यक्रम होतात. ऐकायला केवळ आमचे धर्मग्रामस्थ येतात असे नाही, तर आसपासची हिंदू आणि मुस्लिम कुटुंबेही आवर्जून येतात. सुरुवातीला आम्ही पंधरा-सोळा जण राबत होतो. आता बाके हलवण्यापासून वायरी गुंडाळण्यापर्यंत सगळे पाच जणांवर आले आहे. त्यातच काही तरुणांचे म्हणणे असे, की तिकीट लावून मुंबईहून व्यावसायिक वाद्यवृंद बोलवावा आणि त्या पैशांतून नवी ध्वनियंत्रणा घ्यावी. दुसरीकडे, शेजारच्या गावातील भजनी मंडळाने आमच्याकडे अभंग गाण्याची इच्छा दाखवली आहे. काही ज्येष्ठांचा त्याला विरोध आहे, तर तरुण म्हणतात, वेदीसमोरच होऊ द्या. समोरच्या इमारतीतील एका गृहस्थांनी आवाजाची तक्रारही केली आहे. फादर म्हणतात, "तुम्ही ठरवा आणि मग माझ्याकडे या." मी निवृत्त शिक्षिका आहे, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. हे सारे थांबवावेसे वाटते, पण मन धजत नाही. काय करावे?

— एक वाचक, वसई

उत्तर

भगिनी, सप्रेम नमस्कार.

माझे मत आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. संगीतसंध्या बंद करू नये. तिला तिकीट लावू नये. आणि ती दर महिन्याला भरवूही नये. वर्षातून पाच संध्या पुरेशा आहेत, त्यांतील दोन किंवा तीन चर्चमध्ये आणि उरलेल्या धर्मग्रामाच्या सभागृहात किंवा आवारात घ्याव्यात. थकवा, पैसा, अभंग आणि आवाज हे आपले चार प्रश्न निरनिराळे दिसतात खरे, परंतु त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपली संगीतसंध्या आपल्याकडील माणसांच्या बळापेक्षा आणि चर्च या वास्तूला जे शोभते त्यापेक्षा मोठी होऊ पाहत आहे.

पाच हा आकडा मी उगाच काढलेला नाही. जर्मनीतील ल्युबेक शहराच्या सेंट मेरी चर्चमध्ये डीट्रिख बुक्स्टेहुडे हे १६६८ पासून ऑर्गनवादक होते. त्यांच्या आधीच्या ऑर्गनवादकाने सुरू केलेल्या सायंकालीन मैफली त्यांनी नावारूपाला आणल्या. त्या नाताळाच्या आधीच्या आठवड्यांत, ठरावीक पाच रविवारी होत असत. प्रवेश मोफत होता आणि खर्च शहरातील व्यापारी वर्गणीतून उचलत असत. त्या वर्गणीसाठी बुक्स्टेहुडे यांना व्यापाऱ्यांकडे पत्रे लिहून पाठपुरावा करावा लागे, हेही आपल्या कमिटीला सांगण्यासारखे आहे, कारण पैशांची चणचण आपल्यालाच भासते असे मुळीच नाही. १७०५ मध्ये विशीतला आणि पुढे थोर संगीतकार झालेला योहान सेबास्टियन बाख तिथले संगीत ऐकण्यासाठी आपल्या गावाहून चारशे किलोमीटरच्या आसपास अंतर पायी तोडून गेला, आणि चार आठवड्यांची रजा असताना काही महिने तिथेच राहिला. वर्षाला पाच संध्या आणि उघडे दार एवढ्या भांडवलावर ती परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. दर महिन्याला भरवली तरच संगीतसंध्येला अर्थ आहे, असे जे आपल्यापैकी काहींना वाटत असेल, त्यांना हे उदाहरण जरूर द्यावे.

आपल्याकडचे वर्षही पाचच संध्या मागते. जून ते सप्टेंबर या काळात वसईचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, मग व्हायोलिनचे काय होणार? फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात आणि त्याच सुमारास प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, येतो. मे महिन्यात लग्नसराई असते आणि आपले गायक दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मांडवात असतात. तेव्हा जानेवारीच्या अखेरीस एक, प्रायश्चित्तकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या गीतांची एक शांत संध्या, ईस्टरनंतर एक, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये एक आणि आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, एक, असा क्रम मला योग्य वाटतो. तारखा वर्षारंभीच जाहीर केल्या, की महिन्याकाठी होणारी धावपळ संपते आणि लोकही त्या दिवसाची वाट पाहू लागतात.

आता माणसांविषयी. पंधरा जणांचे पाच झाले, म्हणजे दहा जणांचा उत्साह आटला, असा निष्कर्ष आपण काढला असेल तर तो तपासून पाहावा. मंडळांची आणि समित्यांची कामे मी पुष्कळ वर्षे जवळून पाहिली आहेत. स्वयंसेवक बहुधा कामाला कंटाळून जात नाही. आपले काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून तो जातो. "संध्याकाळी जरा मदतीला ये" असे सांगून बोलावलेला मुलगा दुपारी चारला येतो. बाके सरकवतो, मग कोणी त्याच्या हातात पाण्याचे कॅन देते, मग पार्किंगला उभे करते, कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या झाडायला तोच सापडतो, आणि रात्री साडेनऊला घरी पोहोचल्यावर आई विचारते की तू गाणे तरी ऐकलेस का. त्याने एकही गाणे ऐकलेले नसते. पुढच्या महिन्यात त्याचा फोन लागत नाही.

म्हणून एका संध्येची सगळी कामे एका कागदावर उतरवून काढावीत. सायंकाळच्या मिस्सेनंतर (सामुदायिक प्रार्थनाविधीनंतर) वेदीपुढची जागा मोकळी करणे, कलाकारांसाठी खुर्च्या आणि नोटेशनचे स्टँड लावणे, दारात उभे राहून वृद्धांना आत बसवणे, कार्यक्रमाचा कागद वाटणे, कलाकारांचा चहा, वायरी, दिवे, दानपेटी, शेवटी बाके पूर्ववत लावणे आणि कुलूप. प्रत्येक कामासमोर वेळ लिहावी, आणि प्रत्येक काम दीड तासाहून मोठे असू नये. बाके लावणारा सव्वासहाला मोकळा झाला पाहिजे, आणि त्याने नंतर बसून गाणे ऐकले पाहिजे. बाके परत लावायला दुसरा माणूस असावा. दृढीकरणाची, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची, तयारी करणाऱ्या मुलांना अशी छोटी कामे आवडीने करता येतात. मात्र मुले असतील तिथे दोन जबाबदार प्रौढ असावेतच, आणि मुलांना परत नेण्याची वेळ पालकांना आधी कळवलेली असावी.

आणखी एक सुचवते, जे आपल्या पत्रात कुठेही दिसले नाही. आपल्याकडे ऐकायला येणाऱ्या हिंदू आणि मुस्लिम कुटुंबांना आपण कधी कामासाठी विचारले आहे का? आपण त्यांना पाहुणे मानता, आणि त्यात आपला चांगुलपणाच आहे. पण चार वर्षे ज्याला नुसते पाहुणे म्हणून बसवले, त्याला तो कार्यक्रम आपला वाटणार तरी कसा? आवारातील संध्येसाठी मांडव घालणे, ध्वनिक्षेपक पाहणे, चहाची व्यवस्था ही कामे कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याला सांगता येतात. गावातील गणेशोत्सवाचा मांडव घालून हात बसलेली मुले ही कामे आपल्यापेक्षा लवकर उरकतील.

संयोजकपदही फिरते ठेवावे. एका व्यक्तीने वर्षात दोनपेक्षा अधिक संध्यांची सूत्रे हाती घेऊ नयेत, आणि हा नियम आपल्यापासून लागू करावा. आपल्या वहीत कलाकारांचे दूरध्वनी, मांडववाल्याचा हिशेब आणि मागील कार्यक्रमांचे तपशील असतील, त्यांची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी असली पाहिजे. सासूबाईंची सेवा आपण करत आहात, आणि त्या कर्तव्यापुढे संगीतसंध्या दुय्यम आहे, हे सांगताना संकोच वाटू देऊ नये. सहकाऱ्यांना ते स्पष्ट शब्दांत सांगावे. लोक बहुधा समजून घेतात. न सांगता ओझे वाहत राहिले, तर मात्र त्यांना ते दिसतच नाही.

तिकिटाच्या प्रश्नावर मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण येथे केवळ आपल्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. कॅथलिक चर्चमधील संगीत कार्यक्रमांविषयी व्हॅटिकनच्या उपासनाविषयक मंडळाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी जगभरातील बिशपांच्या परिषदांच्या अध्यक्षांना एक पत्र पाठवले होते. आपल्या कमिटीने ते मुळातून वाचावे असा माझा आग्रह आहे. त्यात म्हटले आहे की चर्चमधील अशा कार्यक्रमाला प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला असला पाहिजे. कार्यक्रमासाठी स्थानिक बिशपांकडे वेळेवर लेखी अर्ज करावा आणि त्यात तारीख, वेळ, सादर होणाऱ्या रचना आणि रचनाकारांची नावे द्यावीत. गायक-वादकांनी वेदीच्या पवित्र भागात बसू नये. वेदी, वाचनपीठ आणि धर्मगुरूंचे आसन यांचा सर्वाधिक मान राखावा. पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेली पवित्र भाकर, शक्यतो बाजूच्या प्रार्थनागृहात किंवा अन्य योग्य ठिकाणी नेऊन ठेवावा. खर्चाची, नुकसानीची आणि चर्च पुन्हा नीटनेटके करून देण्याची जबाबदारी आयोजकांनी लेखी स्वीकारावी. रचनांची ओळख करून देताना श्रोत्यांना त्यांचा अर्थ आतून उमजावा, अशीही अपेक्षा त्यात आहे.

त्याच पत्रात आपल्याला थेट लागू पडणारी आणखी एक गोष्ट आहे. चर्चमध्ये कार्यक्रमाची परवानगी त्या त्या प्रसंगापुरती द्यावी, मालिकेसाठी किंवा महोत्सवासाठी सरसकट देऊ नये, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे दर महिन्याचा कार्यक्रम एकाच होकारावर चर्चमध्ये चालवणे या पत्राच्या आशयाला धरून नाही. आपण चार वर्षे जे केले ते श्रद्धेने केले, त्याबद्दल खंत करत बसू नये. परंतु फादर "तुम्ही ठरवा" म्हणतात तेव्हा पुढील वर्षासाठी धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयाशी लेखी पत्रव्यवहार करणे आवश्यक आहे, आणि चर्चमधील दोन-तीन संध्यांसाठी दर वेळी स्वतंत्र अर्ज करणे सर्वांत सरळ आहे. वर्षाला पाच आणि त्याही दोन ठिकाणी विभागलेल्या, हे मी सुचवण्यामागे हेही एक कारण आहे.

समजा हा नियम नसता, तरीही मी तिकिटाच्या विरोधातच उभी राहिले असते. आपल्या पत्रातील मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य म्हणजे आसपासची सर्व धर्मांची कुटुंबे आवर्जून येतात हे होय. चर्चच्या दारात तिकिटाचे टेबल लागले की त्यातील कोण गळेल, हे आपण डोळ्यांसमोर आणून पाहावे. चार मुलांना घेऊन येणारी आई गळेल, कुतूहलाने डोकावणारा वृद्ध गळेल, आणि चर्चच्या आत पाऊल टाकायला मुळातच बिचकणारा शेजारी तर नक्कीच गळेल. राहतील ते वाद्यवृंदाच्या नावाला येणारे, आणि ते पुढच्या वेळी मोठे नाव मागतील. मग पाच जणांच्या खांद्यावर आजच्यापेक्षा मोठे ओझे येईल.

शिवाय कायद्याचीही बाब आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी सवलत आहे, की हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ, संगीतरचना सादर केली तर तो स्वामित्वहक्काचा भंग होत नाही. आपली मुले आज जी गाणी वाजवतात ती या सवलतीच्या छायेत वाजवतात. मानधन घेणारा व्यावसायिक वाद्यवृंद आला, म्हणजे तो हौशी मंडळ राहत नाही, आणि चित्रपटगीतांसाठी परवाने काढण्याची जबाबदारी आयोजक म्हणून आपल्यावर येते. तरुणांना असा कार्यक्रम करायचाच असेल, तर त्यांनी तो एखादे नाट्यगृह घेऊन, निधीसंकलनाचा स्वतंत्र कार्यक्रम म्हणून, सर्व परवान्यांसह करावा. त्यांचा उत्साह मोडू नये. तो संगीतसंध्येच्या नावावर मात्र होऊ नये.

मुळात ध्वनियंत्रणा हवी कशासाठी, हेही विचारले पाहिजे. सायंकाळी चर्च रिकामे असताना आपण मध्यभागी उभे राहून एकच टाळी वाजवावी आणि तिचा निनाद विरेपर्यंत ऐकावे. उंच छत, चुन्याच्या किंवा सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आणि फरशी यांमुळे आवाज बराच वेळ घुमत राहतो. अशा वास्तूत ध्वनिक्षेपकाने आवाज वाढवला, की घुमणारा आवाजही तेवढाच वाढतो आणि शब्द एकमेकांत मिसळून जातात. मागच्या बाकावरील श्रोता "ऐकू येत नाही" म्हणतो तेव्हा त्याला आवाज येत असतो, शब्द येत नसतात, आणि आपण नेमका आवाज वाढवतो. गायकवृंद, व्हायोलिन आणि बासरी यांना चर्चमध्ये ध्वनिक्षेपक लागतच नाही. वास्तूच त्यांचे काम करते. निवेदनासाठी एक साधा माइक पुरतो. लोक भरल्यावर निनाद कमी होतो, म्हणून रिकाम्या चर्चमधील तालमीवरून अंदाज बांधू नये. द्रुत लयीतील तबला, ढोलक आणि ड्रम मात्र अशा ठिकाणी हमखास गढूळ होतात. ती वाद्ये सभागृहात किंवा आवारात शोभतात. पेटी आणि कीबोर्ड एकत्र असतील तर कीबोर्डचा सूर पेटीला मिळवून घ्यावा, कारण पेटीच्या पट्ट्या आयत्या वेळी हलत नाहीत, कीबोर्डचा सूर मात्र बटणाने सरकवता येतो. व्हायोलिनच्या मुलांनीही तोच सूर घ्यावा. एवढी काळजी घेतली तर लाखभर रुपयांच्या यंत्रणेची निकड उरणार नाही, आणि आवारातील कार्यक्रमाला लागणारी यंत्रणा एका दिवसापुरती भाड्याने मिळते.

उरलेल्या खर्चासाठी दाराशी दानपेटी ठेवावी, आणि ती बाहेर पडताना दिसेल अशी ठेवावी, आत येताना नव्हे. रक्कम दोन व्यक्तींनी मिळून मोजावी, कागदावर दोघांची सही घ्यावी आणि ती त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी धर्मग्रामाच्या खात्यात जमा व्हावी. धर्मग्रामाची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिचे हिशेब तपासले जातात, आणि आपल्या संगीतसंध्येची जमाखर्चाची पाने त्यात स्वतंत्र दिसली पाहिजेत. पुढच्या संध्येच्या कार्यक्रमपत्रिकेवर मागच्या वेळी काय जमले आणि कशावर खर्च झाले, हे दोन ओळींत छापले तर देणाऱ्यांचा विश्वास वाढतो. स्थानिक दुकानदार किंवा शेतकरी एखाद्या संध्येचा चहा किंवा मांडव आपल्या नावाने देऊ इच्छित असतील तर ते आनंदाने स्वीकारावे.

आता अभंगांविषयी, ज्यावरून मने सर्वाधिक दुखावण्याची शक्यता आहे. ज्येष्ठांना अभंगाची जातकुळीच परकी वाटत असेल तर त्यांना काही गोष्टींची आठवण द्यावी. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा मराठीत सांगितली ती ओवीछंदात, आणि तिच्या ओव्या दहा हजारांहून अधिक आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही म्हटली जातात, आणि आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत. आपल्याच वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर डॉक्टरेटचे संशोधन केले आहे. वाद्यांचा आक्षेप असेल तर १९०३ मध्ये दहाव्या पायस पोपनी चर्चमध्ये पियानोलाही मनाई केली होती, आणि १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या त्या देशातील लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले, हे दोन्ही दाखले शेजारी ठेवावेत.

तरीही अभंगांचा कार्यक्रम वेदीसमोर व्हावा, या तरुणांच्या आग्रहाशी मी सहमत नाही. चर्चमध्ये पवित्र आणि धार्मिक संगीतच असावे, उत्तमातील उत्तम सिंफनीही केवळ ती सुंदर आहे म्हणून तेथे येऊ शकत नाही, असे १९८७ चे पत्र म्हणते, आणि अन्य उपयोगाला प्रसंगापुरती परवानगी देण्याचा अधिकार बिशपांचा आहे. परंतु माझे खरे कारण निराळे आहे, आणि ते भजनी मंडळाच्या बाजूचे आहे. भजन ही त्या मंडळींची उपासना आहे. ते रूपाच्या अभंगाने उभे राहते, मधे गजर होतो, शेवट भैरवीने होतो, समोर विठ्ठलाची तसबीर आणि समई असते. वेदीसमोर बसवायचे म्हटले की आपण त्यांना हे गाळा, ते टाळा असे सांगत बसणार, आणि बुवा भिडेपोटी मान डोलावतील. जे जसे गातात तसे त्यांना गाऊ द्यायचे असेल, तर त्यांना सभागृहात किंवा आवारातच बोलवावे. तिथे त्यांचे भजन अखंड राहील आणि आपली वेदीही तिच्या जागी राहील.

यात एक गोष्ट मात्र अत्यंत जपून करावी. चर्चमध्ये सगळ्यांचे कार्यक्रम आणि अभंग तेवढे बाहेर, असे चित्र दिसता कामा नये. तसे झाले तर शेजाऱ्यांना जो अर्थ लागायचा तो लागेलच. म्हणून आधी जागेचा नियम करावा: आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ आणि ईस्टर यांची भक्तिगीते चर्चमध्ये, बाकी सर्व सभागृहात. मुलांची चित्रपटगीते, लग्नातली पारंपरिक गाणी, पाश्चात्त्य वाद्यसंगीत हे सारे याच नियमाने सभागृहात जाईल. हा नियम भजनी मंडळाला निमंत्रण देण्याआधी जाहीर व्हावा. सभागृहातील पहिला कार्यक्रम आपल्या मुलांचा ठेवावा आणि दुसरा मंडळाचा. निमंत्रण फोनवरून देऊ नये. आपण आणि विरोध करणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक जण, असे दोघांनी बुवांच्या घरी जावे. बैठकीसाठी गाद्या, पखवाजाला जागा, टाळकऱ्यांची संख्या, चपला कुठे काढायच्या, समई लावायची की नाही, हे सगळे चहा घेताना तिथेच बोलून घ्यावे. जे ज्येष्ठ आज विरोध करत आहेत, त्यांच्यातला एक जण बुवांच्या ओट्यावर बसून आला, की निम्मा विरोध तिथेच मावळेल असा माझा विश्वास आहे.

आवाजाच्या तक्रारीवर फार लिहिण्याची गरज नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी लागते. शाळा, रुग्णालय किंवा न्यायालय यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असेल, तर तिथे नियम अधिक कडक आहेत. पुष्कळ धर्मग्रामांत चर्चच्या आवारातच शाळा असते, म्हणून आवारातील संध्येआधी पोलीस ठाण्यात चौकशी करून ठेवावी. कार्यक्रम साडेसहाला सुरू करून आठला संपवावा. ज्या गृहस्थांनी तक्रार केली, त्यांच्या घरी कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी जाऊन तारीख, वेळ आणि संयोजकाचा फोन क्रमांक देऊन यावा. त्यांच्या घरात कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल, तर ते तेव्हाच कळेल आणि ध्वनिक्षेपकाचे तोंड दुसरीकडे वळवता येईल.

फादरांकडे जाताना एक पानाचा प्रस्ताव न्यावा. त्यात पुढील वर्षाच्या पाच तारखा, प्रत्येकीची जागा, प्रत्येकीचा संयोजक, चर्चमधील संध्यांसाठी धर्मप्रांताकडे पाठवायच्या अर्जांचे मसुदे आणि मोफत प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख असावा. तिकिटाची मागणी करणाऱ्या तरुणांपैकी एकाला ऑक्टोबरच्या संध्येचा संयोजक करावे, आणि त्याचे नाव त्याच्या संमतीने त्या पानावर घालून न्यावे. दर महिन्याऐवजी वर्षातून पाच संध्या होणार, ही घोषणा मात्र आपण करू नये. ती रविवारच्या मिस्सेअखेरच्या सूचनांमध्ये फादरांनी करावी, म्हणजे आपण थकलात म्हणून कार्यक्रम कमी झाले अशी कुजबुज होणार नाही, आणि नव्या तारखांना सगळ्या धर्मग्रामाचा आधार मिळेल. येत्या दोन महिन्यांच्या संध्या कृपया रद्द कराव्यात. त्या काळात सासूबाईंजवळ बसावे, आणि वहीची प्रत मात्र पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी हाती सोपवावी.